काहील

पौषातली पहाट. आधण रंगाला आलेलं,
भेंडीचं पाणी टाकून मळी काढून झाली होती,
आणि धुकं एवढं की चुलवाणातला जाळ
चार पावलांवरून नुसता पिवळट डाग.
मी फावडं फिरवत होतो.
अजून पाव तास, मग पाक उतरवायचा, असा हिशेब.

तेवढ्यात नदीत लाकूड मोडलं.
ऊस मोडतो तसं नाही.
आतून कुणी दार फोडावं तसं.
मग काहीच नाही.
मग एक बाई, मग सगळेच.

जुगुळाहून पहिली फेरी, सिद्रामची नाव,
अकरा माणसं, दोन सायकली, एक शिलाई मशीन.
समोरून वाळूची बोट, रात्रभर उपसून परतणारी.
तिच्यावर दिवा नसतोच.
दिवा असता तर तलाठ्याला दिसली असती.

आदगोंडा मालक ओरडले, "आधण!"
मी म्हणालो, "जळू द्या."
त्याआधी मालकाला असं कधी बोललो नव्हतो,
नंतरही नाही.

दुसरी काहील पालथी पडली होती,
बुडाला ठिगळ मारून कालच आणलेली.
तिघांनी ती कडेवर उभी केली
आणि गाडीच्या चाकासारखी
मळवाटेनं नदीकडं सोडली.

काहिलीला पुढा नसतो, मागा नसतो.
फावड्यानं वल्हवावं तर जागच्या जागी फिरते
वरातीत नाचणाऱ्या खुळ्या मामासारखी.
दोन गिरक्या झाल्या आणि काठ हरवला.
"हिकडं!" कुणीतरी ओरडलं.
"हिकडं म्हंजे कुठं?"
धुक्यात ज्याचं त्याचं हिकडं वेगळं.

तेव्हा यल्लव्वानं रिकाम्या पिंपावर पहार हाणली.
ठण्ण. ठण्ण. ठण्ण.
तिचे हात सोलले तरी थांबली नाही.
तो आवाज म्हणजे आमचा काठ.

कुंभोजे मास्तर आधी सापडले, वहाणा हातात धरून.
मग दोघी सासवा-सुना, एकमेकींच्या केसांना धरून.
काहिलीत चार माणसं मावतात,
पाचवं चढलं की कड पाणी पिते.
हुसेनबी फळीला एका हातानं लोंबकळत होती,
दुसऱ्या हातात पाण्याखाली मशीनचं चाक.
"सोड, मावशी."
"हप्तं ऱ्हायल्यात अजून."
मी तिची बोटं एकेक करून सोडवली.
करंगळी शेवटपर्यंत सुटेना.

चौथ्या फेरीनंतर सगळे चुलवाणाभोवती.
सिद्राम मेंढरं मोजावी तसा
डोक्याला हात लावत मोजत होता.
"मी धरून बारा. ह्यो तेरावा कोण?"
परत मोजलं. परत तेरा.

तेरावा सोळा-सतरा वर्षांचा. अर्धी चड्डी,
केसांत वाळू, दात वाजतायत.
त्याचे सोबती बोटीसकट धुक्यात पसार.
कुणी त्याला काही विचारलं नाही.
यल्लव्वानं आधणाची करपलेली खरड
गरम पाण्यात कालवून सगळ्यांना दिली.
कडू होती. त्यानं दोनदा मागितली.

नऊला हवालदार आला.
"धडक कुणी दिली?"
सिद्रामनं फुटलेल्या नावेच्या नाळीकडं पाहिलं,
मग जाळाकडं.
"ओंडका हुता, साहेब. पुराचा."
पौषात पूर?
हवालदारानं लिहून घेतलं.
हुसेनबी ओला पदर पिळत राहिली. बोलली नाही.

दहाला धुकं फिटलं.
जिथं नाव फुटली ती जागा
काठापासून वीस हात. एवढीच.
आम्हाला ती वीस कोसांवर वाटली होती.
वळून बघितलं तर चुलवाणापाशी बाराच माणसं.

जळक्या आधणाचे पैसे मालकांनी पगारातून कापले.
काहिलीचं भाडं लावलं नाही, हे त्यांचं मोठेपण.
हुसेनबीनं दोन वर्षं
नदीच्या तळाशी असलेल्या मशीनचे हप्ते भरले.

परवा कुरुंदवाडच्या बाजारात भेटली.
भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाली,
"त्या ओंडक्याचं नाव काय हुतं रं?"

मी म्हणालो, "इचारलं न्हाय."